कॉफीच्या मळ्यात धुराचा हिशेब

आमची थोरली मुलगी कृषी पदवी घेऊन कर्नाटकात नोकरीला लागली, तेव्हापासून वस्तीतले लोक आम्हाला विचारतात, "पोरगी तिकडे करते काय?" आम्ही सांगतो, "कॉफीच्या मळ्यांचा कार्बन मोजते." समोरचा माणूस "असं होय" म्हणतो आणि दुसरा विषय काढतो. कार्बन, हवामानबदल, तापमानवाढ हे शब्द आता वर्तमानपत्रात रोज येतात. पण ते परिषदांचे आणि परदेशी साहेबांचे विषय आहेत, असेच आपल्या घरांतून मानले जाते. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही दहा दिवस मुलीकडे राहून आलो. तिचे काम जवळून पाहिले. त्या कामात राबणाऱ्या माणसाचा संबंध कुठे येतो, हेही पाहिले. ते वाचक बंधू-भगिनींना सांगावे, ज्यांची मुले आज दहावी-बारावीत आहेत त्यांना तर आवर्जून सांगावे, म्हणून हा लेख.

आधी आमची ओळख. आम्ही नागपूरचे. दोघांपैकी एकाने तीस वर्षे मालधक्क्यावर हमाली केली. सिमेंट, साखर, धान्य, खत, सगळी पोती पाठीवरून वाहिली. दुसरीने लग्नाआधी आणि लग्नानंतरही कित्येक वर्षे लोकांच्या शेतात निंदण-खुरपण आणि कापूस वेचणी केली. मुलगी आम्हाला 'बाबा' आणि 'आई' म्हणते. सोयीसाठी या लेखातही आम्ही तेच म्हणतो.

विदर्भातल्या माणसाला कॉफीचे झाड अगदीच अनोळखी नाही. चिखलदऱ्याला सहलीला गेलेल्यांनी ते पाहिलेले असते. महाराष्ट्रात कॉफी होते ती मुख्यतः तिथेच, आणि तीही थोडीशी. पण कॉफीचा खरा मुलूख पाहायचा तर चिक्कमगळूर. आम्ही नागपूरहून रेल्वेने बेंगळुरूला आणि तिथून सरकारी बसने चिक्कमगळूरला गेलो. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी संताने येमेनमधून कॉफीच्या सात बिया आणून इथल्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. आज भारतात जेवढी कॉफी पिकते तिच्यातली सुमारे ७० टक्के एकट्या कर्नाटकात पिकते आणि देशातल्या कॉफीचा मोठा भाग परदेशी जातो.

तिथला मळा म्हणजे आपल्याकडच्या शेतासारखा उघडा नसतो. लांबून जंगलच वाटते. वर उंच झाडे, त्यांच्या खोडावर मिऱ्याचे वेल, आणि खाली सावलीत माणसाच्या उंचीची कॉफीची झुडपे. आम्ही गेलो तेव्हा अरेबिका जातीची तोड चालू होती. बायका कमरेला पिशव्या बांधून लाल फळे तोडत होत्या. आईने पहिल्याच दिवशी त्यांचे हात पाहिले आणि म्हणाली, "कापसाची वेचणी आणि ही तोड, बोटांची दशा एकच."

आता मुलीचे काम. परदेशात कॉफी विकत घेणाऱ्या कंपन्या आता मळेवाल्याला विचारू लागल्या आहेत की तुमची एक किलो कॉफी तयार होताना हवेत किती वायू गेला? याला 'कार्बन फूटप्रिंट' म्हणतात, म्हणजे कार्बनचा ठसा. वायू तीन प्रकारचे. डिझेल-लाकूड जळाले की कार्बन डायऑक्साइड निघतो. घाण पाणी हवेवाचून सडले की मिथेन निघतो. रासायनिक खत जमिनीत पडले की नायट्रस ऑक्साइड निघतो. या तिघांची ताकद सारखी नाही. शंभर वर्षांचा विचार केला तर मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट आणि नायट्रस ऑक्साइड २७३ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून सगळ्यांचे रूपांतर एकाच मापात, कार्बन डायऑक्साइडच्या किलोत करतात. रुपये, डॉलर आणि दिनार एकाच चलनात मांडावे तसे.

मुलगी रोज सकाळी एक वही, एक फीत आणि फोन घेऊन निघायची. वहीत चार रकाने. खत किती, डिझेल आणि वीज किती, फळे धुण्याचे पाणी किती, झाडे किती. हे आकडे 'कूल फार्म टूल' नावाच्या संगणकीय कार्यक्रमात भरले की हिशेब निघतो. स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीन विद्यापीठातले संशोधक तो घडवणाऱ्यांपैकी आहेत. पण यंत्र काय करते हे हाताने करून पाहिल्याशिवाय बाबांचे समाधान होईना. मग एका रात्री कंदमुळाच्या भाजीवर आणि भातावर आमची शाळा भरली.

बाबांचा पहिला प्रश्न डिझेलवर होता. मुलगी म्हणाली, एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बाबा म्हणाले, "बेटा, लिटरभर डिझेल किलोभर तरी भरते का? मग पावणेतीन किलो वायू आला कुठून?" पोती मोजण्यात जन्म गेलेल्या माणसाचा हा प्रश्न होता. मुलगी हसली आणि म्हणाली, "बाबा, जळताना डिझेलमधला कार्बन हवेतला प्राणवायू ओढून घेतो. बाकीचे वजन हवेचे." मळ्यात डिझेल लागते ते पाणी उपसायला. रोबस्टा कॉफीला फेब्रुवारी-मार्चमध्ये पावसाची सर हवी असते, तिच्यावरच फुलोरा येतो. सर आली नाही तर तुषार सिंचनाने पाणी द्यावे लागते आणि पंप तासन् तास चालतो.

दुसरा हिशेब खताचा. हा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून सविस्तर देतो. युरियाचे पोते पूर्वी ५० किलोचे होते. २०१८ पासून ते ४५ किलोचे झाले. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे एका पोत्यात २०.७ किलो. झाड यातले सगळे नत्र खात नाही. जागतिक पातळीवर धरलेल्या ढोबळ मापाप्रमाणे टाकलेल्या नत्राचा शंभरावा हिस्सा नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो. एका पोत्यामागे तो साधारण ३२५ ग्रॅम भरतो. हातात धरला तर काहीच नाही. पण २७३ ने गुणले की सुमारे ८९ किलो होतात. शिवाय युरिया विरघळताना त्यातला कार्बनही सुटतो, तो आणखी ३३ किलो. म्हणजे युरियाचे एक पोते जमिनीवर टाकले की जवळपास १२२ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले. कारखान्यात ते खत तयार करताना जळालेला वायू यात अजून धरलेलाच नाही.

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पंचेचाळीस किलोचं पोतं उचललं म्हणजे आपण एकशेबावीस किलोचं ओझं उचलत होतो तर!"

तिसरा हिशेब पाण्याचा. अरेबिकाची फळे तोडून आणली की त्याच दिवशी यंत्रात घालून साल काढतात. त्या यंत्राला पल्पर म्हणतात. आतल्या बियांवर चिकट गोड थर असतो. तो टाक्यांत आंबवून, धुऊन काढतात. हे पाणी खड्ड्यांत साठते. गोड असल्याने ते लवकर सडते, दुर्गंधी सुटते आणि हवा न मिळाल्यामुळे मिथेन तयार होतो. साधारण ५ ते ६ किलो फळांतून एक किलो कॉफीचे बी मिळते. बाकी सगळे साल, गर आणि पाणी. तो ढीग आणि ते पाणी यांची व्यवस्था कशी लावली यावर हिशेब बराच हलतो. पाणी कमी वापरणारी यंत्रे आता आहेत, तेच पाणी फिरवून पुन्हा वापरता येते आणि सांडपाण्यापासून गोबरगॅससारखा जळाऊ वायूही काढता येतो. रोबस्टाची फळे बहुतेक ठिकाणी सालीसकट अंगणात उन्हात वाळवतात. तिथे हे पाणी लागतच नाही.

चौथा हिशेब झाडांचा. तो पाहायला आई मुलीबरोबर हिंडली. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, खोडाभोवती फीत गुंडाळायची आणि घेर लिहायचा. झाडाच्या जातीप्रमाणे आणि घेरावरून त्याचे वाळलेले वजन काढण्याची सूत्रे आहेत. त्या वजनात साधारण ४७ टक्के कार्बन असतो. वाळलेले वजन हजार किलो असेल तर कार्बन ४७० किलो, आणि हवेतून ओढून घेतलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे १७२० किलो. ते झाड तोडून जाळले की तो परत हवेत. मळ्यांत फणस, उंबर, जांभूळ अशी जुनी झाडे होती, त्यांच्या जागी अनेक ठिकाणी सिल्व्हर ओक लावलेला दिसतो. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भराभर सरळ वाढतो, मिऱ्याचा वेल चांगला धरतो आणि लाकूड म्हणून विकता येतो. मळेवाल्याला तो परवडतो. पण एक जुने उंबराचे झाड घालवून सिल्व्हर ओकची चार रोपे लावली, म्हणून त्या वर्षीचा हिशेब बरोबर होत नाही.

इथे मुलीने एक गोष्ट बजावून सांगितली. झाडांत साठलेला कार्बन म्हणजे बँकेतली ठेव आणि खत-डिझेलचा वायू म्हणजे महिन्याचा खर्च. ठेव मोठी आहे म्हणून खर्च झालाच नाही असे कोणी म्हणू लागला, तर ती लबाडी आहे. आपल्या बचत गटाच्या बायकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला ती सांगतो. तो मळा कुठला, मालक कोण, हे सांगण्याचे कारण नाही.

मळ्याच्या एका दहा एकरांच्या तुकड्याचा हिशेब चालू होता. मळ्यावरचा कारकून, त्याला तिथे रायटर म्हणतात, त्याने साठ्याची वही उघडून सांगितले की या तुकड्यात वर्षभरात युरियाची २४ पोती पडली. मुलीने २४ लिहून घेतले. संध्याकाळी आम्ही कामगारांच्या घरांकडे गेलो. त्या घरांना लाइन म्हणतात. एकाला एक लागून खोल्या, समोर सामाईक नळ. आईला तोडणीवाल्या बायकांनी चहाला बोलावले होते. भाषा कळत नव्हती, पण मुलगी मोडके कन्नड बोलायची आणि बाकीचे हातांनी भागायचे. त्या आईला 'अम्मा' म्हणू लागल्या होत्या.

बोलता बोलता खताचा विषय निघाला. एक वयस्कर बाई म्हणाली की पावसाळ्यानंतर आम्ही चौघींनी या तुकड्यात डोक्यावरून पोती नेली, तीच कितीतरी होती, पावसाआधीची वेगळी. दुसरीने बोटांवर मोजले. तिसरीने तिला दुरुस्त केले. आकडा २४ च्या बराच पुढे गेला. मुलीने वही काढली तशा त्या सगळ्या एकदम गप्प झाल्या. एकीने दाराकडे पाहिले. मेस्त्री, म्हणजे त्यांचा मुकादम, बाहेर उभा नाही ना, याची ती खात्री करत होती.

हे मौन आम्हाला ओळखीचे आहे. मालधक्क्यावर बाबांनी ते पाहिलेले आहे. वहीत एक आणि पाठीवर दुसरे, असे किती वेळा झाले असेल. बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम मिळत नाही. त्या बायकांची खोली मळ्याची, नळ मळ्याचा, रोजगार मळ्याचा. त्यांच्या नावावर एक आकडा लिहिणे म्हणजे त्यांना उघड्यावर आणणे.

मुलीने वही मिटली. रात्री घरी ती अस्वस्थ होती. २४ लिहावे तर आकडा खोटा. बायकांचा आकडा लिहावा तर पुरावा विचारतील आणि पुरावा म्हणजे त्या बायका. बाबा म्हणाले, "पोतं कधी वाया जात नाही. रिकामी पोती कुठं आहेत ते पाहा."

दुसऱ्या दिवशी तिने तेच केले. गोदामात काही घड्या घालून रचलेली होती. काहींत मिरी भरून ठेवली होती. काही पल्परजवळ अंथरलेली होती. तुकड्यांवर खुणा टाकण्याची पद्धत त्या मळ्यावर असल्याने कुठले पोते कुठले, हे कळत होते. मोजणी झाली ३३. मग खरेदीच्या पावत्या मागवल्या. त्यांत रोखीने घेतलेली ९ पोती निघाली, ती साठ्याच्या वहीत चढलीच नव्हती. मुलीने अहवालात लिहिले की आकडा पावत्या आणि रिकाम्या पोत्यांवरून घेतला आहे. कुणाचेही नाव लिहिले नाही. रायटरने थोडी कुरकुर केली, पण मालकाने पावत्या पाहिल्या आणि ३३ हा आकडा मान्य केला.

नऊ पोत्यांनी असा काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. नऊ गुणिले १२२, म्हणजे जवळजवळ अकराशे किलो. त्या तुकड्यात त्या वर्षी ३००० किलो कॉफीचे बी निघाले. म्हणजे प्रत्येक किलोमागे सुमारे ३७० ग्रॅम वायू कागदावरून गायब होणार होता. परदेशातला गिऱ्हाईक पुडक्यावरचा आकडा वाचून समाधानाने कॉफी प्याला असता. संगणक उत्तम, सूत्रे शास्त्रशुद्ध, पण सुरुवातीचा आकडा चुकला की पुढचे सगळे चुकते. आणि सुरुवातीचा आकडा ज्यांच्या डोक्यावरून गेला, त्यांना कोणी विचारत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे. शेतीतल्या कार्बनचा हिशेब खरा करायचा असेल तर राबणाऱ्या माणसाला विचारावे लागेल, आणि त्याने खरे सांगितल्यावर त्याची रोजी जाणार नाही, याची हमी आधी द्यावी लागेल.

मोजल्यावर पुढचा प्रश्न कमी करण्याचा. याबाबतीत जगात काम झालेले आहे. लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांतील ११६ कॉफी मळ्यांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नाना तऱ्हेच्या झाडांच्या सावलीत कॉफी घेणाऱ्या मळ्यांत, टरफलासकट वाळवलेल्या एक किलो कॉफीमागे सरासरी ६.२ ते ७.३ किलो वायू निघाला. एकसुरी लागवडीच्या मळ्यांत तो ९.० ते १०.८ किलो होता. जुन्या पद्धतीच्या मिश्र मळ्यांत झाडाझुडपांमध्ये हेक्टरी सरासरी ४२.५ टन कार्बन साठलेला होता; बिनसावलीच्या मळ्यांत फक्त १०.५ टन. कोस्टा रिका या छोट्या देशात कोपेदोता नावाची कॉफी उत्पादकांची सहकारी संस्था आहे. २०११ मध्ये तिच्या कॉफीला ब्रिटिश मानकाप्रमाणे कार्बन-तटस्थ असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. अशा प्रमाणपत्रासाठी आधी मोजायचे, मग जेवढे कमी करता येईल तेवढे करायचे आणि उरलेल्याची भरपाई दुसरीकडे करायची असते. लहान शेतकरी एकत्र आले म्हणून हे जमले. एकट्या दोन एकरवाल्याला मोजणीचा खर्चच झेपत नाही.

आमच्या मुलीच्या त्या मळ्यावर उपाय साधे ठरले. आधी माती तपासून घ्यायची आणि लागेल तेवढाच युरिया, तोही तीन-चार हप्त्यांत द्यायचा. पल्परचे पाणी फिरवून वापरायचे. सालीचा ढीग ओला तसाच न सोडता त्यात शेण आणि पालापाचोळा मिसळून, वरचेवर उलथून कंपोस्ट करायचे. ढिगात हवा खेळली की मिथेन कमी होतो आणि खत तयार होते ते वेगळेच. २०२४ मध्ये त्या दहा एकरांत ३३ ऐवजी २६ पोती युरिया पडला. कॉफी कमी आली नाही, असे मुलीने कळवले.

पण उपाय कागदावर जेवढा स्वस्त दिसतो तेवढा तो अंगावर स्वस्त नसतो. कंपोस्टचा ढीग उलथायचा कधी? ऐन तोडणीच्या दिवसांत, कारण साल तेव्हाच निघते. आणि तोडणीत बायकांना ठरलेल्या किलोंच्या वर तोडलेल्या फळांचे जास्तीचे पैसे मिळतात. तेच पैसे मुलांच्या फीसाठी, दुखण्याखुपण्यासाठी राखलेले असतात. ढिगावर दोन तास लावले की तेवढी तोड बुडाली. पहिल्या हंगामात हे काम रोजंदारीतच धरले गेले. म्हणजे हवेत जाणारा वायू वाचला आणि त्याची किंमत बायकांच्या पदरातून गेली.

मुलीच्या वहीत याला रकाना नव्हता. खरेदीदाराच्या नमुन्यातही नव्हता. तिने शेरा लिहायच्या जागेत लिहिले की कंपोस्टसाठी इतके मनुष्यतास लागले आणि त्यांची वेगळी मजुरी धरलेली नाही. बायकांनीही मेस्त्रीकडे एकत्र जाऊन मागणी केली. एकेकटी गेली नाही, सगळ्या गेल्या. पुढच्या हंगामात ढिगाच्या कामासाठी दोन माणसे वेगळ्या रोजावर लावली गेली. डोक्यावरून शेणखत नेण्याच्या मजुरीचा प्रश्न मात्र आम्ही हे लिहीपर्यंत सुटलेला नाही. प्रमाणपत्रामुळे कॉफीला किलोमागे जास्तीचा भाव मिळाला, तर त्यातला वाटा तोडणाऱ्या हातांना मिळणार का, हेही कोणी सांगितलेले नाही. ते विचारत राहिले पाहिजे.

आता आपल्या स्वयंपाकघराविषयी थोडेसे. कोस्टा रिकाची कॉफी युरोपातल्या कपात पोचेपर्यंतचा हिशेब संशोधकांनी मांडला, तेव्हा सगळ्यात मोठा आकडा पिणाऱ्याच्या घरातला निघाला. पाणी तापवायला आणि यंत्र चालवायला लागणाऱ्या विजेचा तो होता. आपल्याकडे कॉफी क्वचित होते, चहा मात्र दिवसातून चार वेळा. नियम दोन्हींना सारखाच. जेवढे कप तेवढेच पाणी मोजून ठेवावे, पातेल्यावर झाकण ठेवावे, उकळी आली की गॅस बारीक करावा. कोणी जग वाचवण्यासाठी नाही केले, तरी सिलिंडर चार दिवस जास्त चालेल. एवढा फायदा आपल्या घराला पुरे आहे.

शेवटी मुला-मुलींसाठी. कृषी, वनशास्त्र, पर्यावरण, संख्याशास्त्र या शाखांतून शिकलेल्यांना अशी मोजणीची कामे आता मिळू लागली आहेत. शेतावर राबलेल्या घरातल्या मुलांना या कामात एक सोय आहे. पोते किती वजनाचे, फेऱ्या किती होतात, दिवसाला किती काम उरकते, हे त्यांनी घरात ऐकलेले असते. वहीतला आकडा पाहून त्यांना शंका येते. अशी शंका येणारी माणसे त्या खुर्चीवर बसली पाहिजेत. आपल्या वस्तीत असे शिकणारे कोणी असेल, तर त्याला सुट्टीत मालधक्क्यावर, बाजार समितीत, निंदणीच्या शेतात एकदा जरूर न्यावे आणि तिथल्या माणसांशी बोलायला लावावे. आमची मुलगी आता नव्या मळ्यावर गेली की आधी लाइनवर जाते, चहा घेते, आणि मग गोदामाची किल्ली मागते.